फैलकाला निघालेला पितळी बिल्ला

फैलका बेटाची बोट सालमियाच्या धक्क्यावरून नऊला सुटते, असं तिकीट देणाऱ्याने फोनवर सांगितलं होतं, म्हणून शनिवारी आम्ही आठलाच तिथे हजर झालो. मधल्या वेळात मी घरच्यांना सुरक्षेच्या सूचना दिल्या. मी इथल्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात सेफ्टी इंजिनीअर आहे. काम सुरू होण्याआधी माणसांना गोल उभं करून धोके वाचून दाखवायचे, हे मी एकोणीस वर्षं करतो आहे आणि ही सवय सुट्टीच्या दिवशी घरी ठेवून येता येत नाही. पडक्या भिंतींना टेकायचं नाही. पाण्याच्या बाटल्या प्रत्येकी दोन. जमिनीवर पडलेली कोणतीही धातूची वस्तू उचलायची नाही, कारण बेटावर जुन्या युद्धातलं काय काय पडलेलं असू शकतं.

"हे मला उद्देशून आहे का?" वैशालीने, म्हणजे माझ्या बायकोने विचारलं.

मी तिला उद्देशून काही बोललो नव्हतो, पण तिला तसं वाटणं साहजिक होतं. तिच्या पर्समध्ये हातरुमालात गुंडाळलेला एक पितळी बिल्ला होता. दोन वर्षांपूर्वी तो तिने इंग्लंडमधल्या एका गावातून उचलून आणला होता, आणि त्याला जिथे जायचं होतं तिथे पोचवायला आम्ही आज निघालो होतो. ती हकीगत आधी सांगायला हवी.

कुवेतमधली मराठी माणसं उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी जातात. आम्हीही दरवर्षी नाशिकला जातो. त्या वर्षी मात्र आमच्या रुचाने, तेव्हा ती बारा वर्षांची होती, सगळ्या मैत्रिणी कुठे कुठे जातात त्याची यादी वाचून दाखवली, आणि आम्ही इंग्लंडला गेलो. चार दिवस एका खेड्यात राहिलो. मधाच्या रंगाच्या दगडांची घरं, गवताने शाकारलेली छपरं, ओढ्यावर एका वेळी एकच गाडी जाईल एवढा पूल आणि आठशे वर्षांचं चर्च. गाव इतकं नीटनेटकं होतं की आपण चालल्याने काही बिघडेल अशी भीती वाटायची. न्हाणीत गरम आणि गार पाण्याचे नळ मात्र वेगवेगळे होते. एकातून पोळायचं, दुसऱ्यातून गारठायचं. ह्याची मी नोंद करून ठेवली.

आम्ही उतरलो होतो ते घर मार्गारेटबाईंचं. वय ऐंशीच्या पुढे, नवरा वारलेला. वरच्या दोन खोल्या त्या पाहुण्यांना देत. पहिल्या दिवशी चहा ओतताना त्यांनी आम्ही कुठून आलो ते विचारलं. कुवेत म्हटल्यावर त्यांचा हात थांबला. मग त्यांनी फडताळातल्या जुन्या पितळी डब्यातून साखर काढून आमच्यापुढे ठेवली आणि हवामानाबद्दल बोलायला लागल्या. दुसऱ्या दिवशी न्याहारीला त्या रुचाला म्हणाल्या की चर्चमागच्या भिंतीत, जुन्या झाडाजवळ, एक डबा लपवलेला आहे आणि तो शोधायला मुलांना आवडतं.

हा जिओकॅशिंग नावाचा खेळ आहे. जगभर हौशी लोक डबे लपवून ठेवतात आणि त्यांची जागा फोनवर आकड्यांत देतात. आपण जायचं, डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तिथेच ठेवून घरी यायचं. बक्षीस काही नाही. मोठी माणसं ह्यासाठी रजा काढतात.

रुचाला डबा वीस मिनिटांत सापडला. आत वही, पेन्सिल, रबराचा डायनोसॉर, दोन बटणं आणि हा पितळी बिल्ला. बिल्ल्यावर तीन आकडे ठोकलेले, आणि त्याला ॲल्युमिनियमची बारीक पट्टी बांधलेली. रुचाने झाकणावरचा नियम वाचून दाखवला: एक वस्तू घ्या, एक ठेवा. वैशालीला ह्याचं काही स्पष्टीकरण लागलं नाही. आपल्याकडे हळदीकुंकवाला बायका वाण देतात. दिलेलं वाण घ्यायचं असतं आणि ते घरी न्यायचं असतं. तिने बिल्ला घेतला. बदल्यात काहीतरी ठेवायला हवं, आणि डबा तर कधी रिकामा परत करत नाहीत. तिची रक्तातली साखर मधूनच उतरते म्हणून ती पर्समध्ये साखरेची पुडी बाळगते. ती कागदाची पुडी तिने डब्यात ठेवली आणि समाधानाने झाकण लावलं.

सालमियाला परतल्यावर ॲल्युमिनियमची पट्टी तिने काढली आणि स्वयंपाकघरातल्या खिळे-सुतळीच्या खणात टाकली. बिल्ला देवघरात घंटेखाली गेला. दर शुक्रवारी देवांबरोबर चिंच लावून घासला जाऊ लागला.

गेल्या महिन्यात रुचा त्या खणात सेलोटेप शोधत होती. आता ती चौदा वर्षांची आहे आणि ह्या खेळात मुरलेली आहे. पट्टी हातात घेऊन ती बाहेर आली आणि तिने तिच्या आईकडे असं पाहिलं की मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. मग तिने ती भानगड आम्हाला समजावून दिली. पट्टी बांधलेली वस्तू कुणाच्या मालकीची होत नसते. ती प्रवासाला निघालेली असते. एका डब्यातून उचलायची, पुढच्या डब्यात ठेवायची, पट्टीवरच्या क्रमांकाने संकेतस्थळावर नोंद करायची आणि मालकाने घरी बसून तिचा प्रवास पाहायचा.

क्रमांक घातल्यावर बिल्ल्याचं पान उघडलं. हा बिल्ला माझ्या नवऱ्याचा, टॉमचा. साठच्या दशकात तो कुवेतच्या तेल कंपनीत कामाला असताना रोज फाटकावर हा हजेरीचा बिल्ला दाखवावा लागे. बिल्ल्याला फैलका बेटावर जायचं आहे, तिथल्या गावाच्या पायऱ्यांवर, जिथे टॉमने मला पोहायला शिकवलं. खाली मार्गारेटबाईंचं नाव. नोंदणी केलेली, आम्ही त्यांच्या घरी उतरलो त्याच संध्याकाळी.

म्हणजे बिल्ला आमच्यासाठीच ठेवला होता. आपल्याकडे कुवेतला कुणी निघालं की ओळखीपाळखीचे लोक विमानतळापर्यंत येऊन लोणच्याच्या बरण्या हातात देतात आणि वर बरणी आडवी करू नका म्हणून बजावतात. ह्या बाईंना शंभर ग्रॅमची वस्तू नेता का, एवढं विचारणं जड गेलं होतं. त्यांनी ती भिंतीत ठेवली आणि रुचाला खेळ सुचवला.

पुढच्या नोंदी त्यांच्याच होत्या, सहा-सहा महिन्यांच्या अंतराने. काही खबर आहे का? मुळीच घाई नाही.

गावातल्या डब्याचंही पान रुचाने काढलं. आमच्यानंतर आलेल्या माणसाने लिहिलं होतं: डब्यात अज्ञात पांढरी पूड सापडली, पोलिसांना कळवलं आहे. डबा तीन आठवडे बंद. मग एक ओळ, पूड निरुपद्रवी असल्याचं समजलं, डबा पुन्हा सुरू. वैशालीने हे दोनदा वाचायला लावलं आणि मग ती कपड्यांच्या घड्या घालायला निघून गेली.

मला मनापासून लाज वाटली. मी रोज सकाळी आंघोळ करून त्या बिल्ल्यासमोर हात जोडत होतो. आमच्या कारखान्यात जुन्या लोकांकडे असेच बिल्ले आहेत. मी ते हातात घेऊन पाहिलेले आहेत, तरी मला कधी ओळखू आलं नाही.

रुचाने मार्गारेटबाईंना खरं काय ते लिहिलं आणि क्षमा मागितली. उत्तर चार ओळींचं आलं, भाचीच्या हातचं. किती छान. मुळीच घाई करू नका. मात्र माझी नजर आता पूर्वीसारखी राहिलेली नाही आणि डॉक्टर फारसे आशावादी नाहीत, तेव्हा फोटो जमल्यास मोठा पाठवावा. आम्ही तिघांनी ते वाचलं आणि त्याचा अर्थ घाई करा असा घेतला.

वैशालीचा आधी विरोध होता. वाण परत करत नाहीत आणि देवघरात बसवलेली वस्तू उठवत नाहीत, असं तिचं म्हणणं. आठ दिवसांनी तिने स्वतःच विचारलं की ह्या बाईंना किती दिवस दिसणार आहे. मी म्हटलं, ते त्यांनी लिहिलेलं नाही. शनिवारी पहाटे तिने बिल्ल्याला हळदकुंकू वाहिलं, रुमालात बांधला आणि दशम्या करायला घेतल्या.

बोट साडेनऊला सुटली. आमच्याबरोबर मासे धरायला निघालेले चार फिलिपिनो आणि बर्फाच्या पेट्या घेतलेलं एक कुवेती कुटुंब. समुद्र शांत होता. शहराच्या उंच इमारती मागे धुळीत विरघळत गेल्या आणि तासाभराने पुढे एक सपाट, पिवळसर पट्टी दिसायला लागली. बोटवाल्याने बजावलं की परतीची बोट चारला, आणि ती कुणासाठी थांबत नाही. त्याने आमच्या बताका (इथली ओळखपत्रं) पाहिल्या आणि त्यांचे फोटो काढून ठेवले. त्याची पद्धत मला आवडली.

फैलका हे एकेकाळी नांदतं बेट होतं. नव्वदच्या युद्धात इथली सगळी माणसं हलवली गेली, आणि बहुतेक परत राहायला आली नाहीत. गाव तसंच उभं आहे. शाळा आहे, दुकानांची ओळ आहे, घरांना दारं नाहीत. भिंतींवर गोळ्यांच्या खुणा आहेत, त्यांत चिमण्यांनी काड्या कोंबल्या आहेत. इंग्लंडमधल्या त्या गावात आठशे वर्षांचं चर्च दाखवायला लोक अभिमानाने नेत. इथे वाटेत लागलेल्या पाटीवर ग्रीक लोकांच्या देवळाचे अवशेष दोन हजार वर्षांहून जुने असल्याचं लिहिलं होतं आणि पाटीच्या सावलीत एक उंट बसला होता. त्याने आम्हाला पाहून मान फिरवली.

पायऱ्या सापडायला वेळ लागला नाही. गावाच्या कडेला दगडी बांध आहे आणि त्यातून सात-आठ पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. खालच्या शेवाळलेल्या आहेत. पाणी इतकं स्वच्छ होतं की तळाची वाळू दिसत होती. वैशाली वरच्या पायरीवर बसली आणि बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. मी तिला शेवाळाबद्दल सावध केलं. ती म्हणाली, "पोहायला नाही आले मी."

ह्या खेळाचा बेटावरचा डबा बांधाच्या भिंतीत, तिसऱ्या पायरीजवळ, असं रुचाच्या फोनवर होतं. तिथे एक खोबण होती आणि ती रिकामी होती. आम्ही मग सगळा बांध शोधला. तासाभरात मला माशांचे दोन डबे आणि एक चप्पल मिळाली. रुचाने सांगितलं की ह्या डब्याची शेवटची नोंद वर्षापूर्वीची आहे, नंतर दोघे येऊन हात हलवत गेले. डबाच नसेल तर बिल्ला ठेवायचा कशात, आणि नुसता उघड्यावर ठेवला तर उद्या वाऱ्याने समुद्रात. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही तिथेच बसून खाल्ली. दोन वाजून गेले होते.

"काय शोधताव? मी मघापासना बघतंय."

चक्क मराठी ऐकून आम्ही तिघेही वळलो. पन्नाशीचा एक माणूस, डोक्याला रुमाल, हातात किल्ल्यांचा जुडगा. नाव दाऊदभाई, गाव दापोलीकडचं. बेटावर कुणा कंत्राटदाराचं सामान पडलं आहे, त्याचे ते हारिस (राखणदार). आमचं बोलणं कानावर पडलं म्हणून आले होते. मी सांगितलं की एक डबा शोधतो आहोत.

"हिरवा?" त्यांनी विचारलं. "आत वही व्हती?"

डबा त्यांच्या खोलीत होता. वर्षापूर्वी वादळानंतर तो पायऱ्यांवर पडलेला त्यांना मिळाला. आत माणसांची नावं आणि पोरांची खेळणी पाहून त्यांना वाटलं, कुणाची तरी अमानत (विश्वासाने ठेवलेली ठेव) आहे, घ्यायला येतील. दोन गोरे येऊन भिंती चाचपून गेले, पण ते काय शोधत होते हे दाऊदभाईंना कळलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. डबा त्यांनी पुसून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, कपाटावर ठेवला होता. त्यातलं एक बटणसुद्धा इकडचं तिकडे झालं नव्हतं.

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. उघड्यावर पडलेली वस्तू शहाणा माणूस उचलूनच ठेवतो, असं ती म्हणाली. रुचाने डोळे मिटून घेतले.

दाऊदभाईंनी चहा केल्याशिवाय सोडलं नाही. काळा चहा, आणि साखर कागदी पुड्यांतली, वेगळी. प्यायला वेळ नव्हता, पण नाही म्हणणंही बरं दिसेना. सव्वातीनला आम्ही पुन्हा पायऱ्यांवर होतो, ह्या वेळी चौघे.

वैशालीने पर्समधून रुमाल काढला आणि गाठ सोडण्याआधी थांबली. मग ती म्हणाली, "आकडा गेलाय त्याच्यावरचा. मीच घासून घालवला. दर शुक्रवारी, दोन वर्षं." तिने रुमालावरून अंगठा फिरवला. "एवढ्या लांबून त्या बाई बघणार, आणि नवऱ्याचा आकडाच नाही."

हे तिने मला सांगितलं नव्हतं. वाण, देवघर, इतक्या दिवसांचं सगळं अडून राहणं, ते ह्याच्यासाठी होतं. मी तिच्या हातातून रुमाल घेतला आणि गाठ सोडली.

बिल्ला आरशासारखा चकचकीत होता आणि त्याच्यावर तीन आकडे लालभडक दिसत होते. सकाळी वाहिलेलं कुंकू रुमालात घासलं गेलं होतं. सपाट भागावरचं निघून गेलं आणि ठोकलेल्या आकड्यांच्या उथळ खाचांत तेवढं बसलं. कारखान्यात झिजलेल्या टाकीवरचा क्रमांक वाचायला आम्ही हेच करतो. पूड चोळतो, पुसतो, खाचेतली राहते. आमची पूड वेगळी असते आणि तिच्यासाठी तीन सह्या लागतात. मी हे वैशालीला सविस्तर सांगितलं. ती ऐकत नव्हती. पदराने डोळे पुसत होती आणि हसतही होती.

रुचाने पट्टी पुन्हा बांधली, वहीत आमची नावं लिहिली, दाऊदभाईंचंही लिहिलं. डबा पायरीवर उघडा ठेवून वर बिल्ला मांडला. फोटो काढणार इतक्यात वैशालीने चहाबरोबर मिळालेली साखरेची एक पुडी डब्यात ठेवली.

"आई, नो. फूड इज नॉट अलाउड."

"दाऊदभाईंच्या घरून निघालाय डबा," वैशाली म्हणाली. "त्यात काही गोड नको?"

रुचाने ती पुडी उलटसुलट करून पाहिली. ती छापील होती, चारही बाजूंनी बंद. "ॲट लीस्ट इट्स सील्ड," असं म्हणून तिने फोटो काढला. डबा खोबणीत बसवून दाऊदभाईंनी पुढे एक दगड लावला आणि येता-जाता नजर ठेवीन म्हणाले. मग आम्ही धावलो. मी एकोणीस वर्षं लोकांना धावू नका म्हणून सांगतो आहे. बोट मिळाली.

परतताना ऊन समोरून येत होतं. रुचा आईच्या खांद्यावर झोपली. घरी आल्यावर देवघरात घंटा लाकडावरच ठेवली गेली. बिल्ल्याच्या जागेवर अजून एक गोल डाग आहे, आणि हात जोडताना माझी नजर तिकडेच जाते. आपल्याकडची वस्तू आपली नव्हती, हे कळायला मला समुद्र ओलांडावा लागला, तोही वीस किलोमीटरचा. तेवढी दोन वर्षं ती बाई वाट बघत होती, ह्याचं वाईट अजून वाटतं.

फोटो त्याच रात्री पाठवला होता. उत्तर नऊ दिवसांनी आलं. ह्या वेळी लांब होतं. रुचा सहसा घरात इंग्रजीच बोलते, पण ते तिने आईसाठी मराठीत करून वाचून दाखवलं, अडखळत, शब्द विचारत.

भाचीने फोटो पडद्यावर मोठा करून दाखवला, असं मार्गारेटबाईंनी लिहिलं होतं. पायऱ्या त्याच आहेत. टॉमचा आकडा लाल कशाने झाला ते कळत नाही, पण लाल होता म्हणूनच त्यांना तो वाचता आला. आणि डब्यात साखर दिसते आहे. मागच्या वेळची साखर त्यांनी चाखून पाहिली होती, पोलिसाच्या समोर, तो नको नको म्हणत असताना. त्यांना खात्री होती. अहमदीला, कुवेतच्या तेल कंपनीच्या वसाहतीत, त्यांच्या शेजारी कंपनीतल्या एका ड्राफ्ट्समनचं कुटुंब राहत असे, पुण्याकडचं. मार्गारेटबाई केक पाठवत, आणि डबा दरवेळी साखर घालून परत येई. एकदाही रिकामा आला नाही. त्यामुळे बिल्ला कुणाकडे गेला आहे हे त्यांना त्याच दिवशी कळलं होतं, आणि त्या निर्धास्त होत्या. खरंच घाई नव्हती.

शेवटी एक विनंती होती. त्या शेजारणीचा एक डबा त्यांच्याकडे राहून गेला. कुटुंब अचानक मायदेशी परतलं आणि पत्ता कुणाला ठाऊक नव्हता. डब्यावर काही अक्षरं कोरलेली आहेत, ती कधी कुणी वाचलेली नाहीत. वैशालीला वाचता येतील का? सोबत फोटो होता.

वैशालीने चष्मा लावला. सौ. कमल हिस आत्याकडून सप्रेम, असं त्यावर होतं. मग तिने फोन माझ्याकडे दिला. पितळी डबा, ओळखीचं झाकण. तिथे होतो ते चारही दिवस आम्ही त्याच डब्यातली साखर चहात घालून घेत होतो, आणि कोरलेलं नाव फडताळात भिंतीकडे वळलेलं होतं.